भिंतीवरचे मूल

मुलुंडच्या त्या भिंतीवरून परबांच्या घरात यापूर्वीही वाद झाले होते, आणि ते सगळे चंद्रप्रकाशने जिंकले होते. परंतु घरात जिंकलेल्या वादांची खोड अशी की, ते मिटत नाहीत. एखादा कोपरा धरून बसतात आणि चार माणसे जमली की पुन्हा उठून उभे राहतात. त्या रविवारी धाकट्या लवूच्या बायकोचे, मालनचे, डोहाळजेवण होते. दहिसरच्या चाळीतल्या खोलीत पाटाला पाट लावला तरी दहा बायका मावल्या नसत्या. तेव्हा समारंभ थोरल्याच्या, म्हणजे चंद्रप्रकाशच्या, फ्लॅटवर करायचा, असे त्यांच्या आईने, शेवंतीबाईंनी, दिवाळीतच ठरवून टाकले होते. थोरल्या सुनेला कोणी विचारले नव्हते. आणि आपल्याला कोणी विचारलेले नाही, ही गोष्ट रत्नप्रभेनेही कोणाच्या लक्षात आणून दिली नव्हती.

दहिसरची मंडळी सकाळीच आली. चेकनाक्याजवळच्या ज्या गॅरेजात लवू कामाला होता, त्याच्या मालकाची मेटॅडोर त्याने मागून आणली होती. पुढे फुलांच्या वाडीचा पुडा घेतलेला लवू, मागे वडील आबा, म्हणजे धोंडू परब, आणि त्यांच्यामागून वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी चौकोनी, जड असे काखेत धरलेल्या शेवंतीबाई. मालन सर्वांत मागे, एकेका पायरीवर थांबत येत होती.

शेवंतीबाईंनी चपला काढायच्या आधीच भिंतीकडे पाहिले.

“चंद्रू, ह्यां अजून हयसरच आसा?”

“आई, आधी आत तर ये. पाणी घे.”

“पाणी मागाहून. दिवाळीत मी तुका काय सांगितलंय?”

“तू सांगितलंस, मी ऐकून घेतलं. ऐकून घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे.”

“सुरू झालो वकील!” आबा खुर्चीत बसता बसता म्हणाले. “अरे, बायकोक जरा चायचा तरी विचारूक सांग.”

चहा रत्नप्रभेच्या हातातच होता. कपबशांचे तबक घेऊन ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली होती आणि तिथेच थांबली होती. सासूबाईंचे बोट कोणत्या चित्राकडे वळले आहे, हे मान न वळवताही तिला ठाऊक होते.

चित्रे पाच होती. चंद्रप्रकाश ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात आरेखक होता. दिवसभर पाइपांच्या आणि झडपांच्या रेषा ओढणाऱ्या या माणसाला रेषेचे वेड होते. फोर्टातल्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याला एक शिवण उसवलेला मोठा चित्रसंग्रह सापडला होता. दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या विद्वानांनी ताम्रपटावर कोरून घेतलेल्या शास्त्रीय चित्रांच्या त्या प्रती होत्या. त्यांतली पाच पाने निवडून, चौकटी करणाऱ्याशी काळ्या पट्टीच्या रुंदीवरून भांडून, त्याने ती बैठकीच्या मोठ्या भिंतीवर लावली होती. पहिला चंद्राचा नकाशा, डोंगर आणि दऱ्या दाखवणारा. दुसरा शेपटी पसरलेला धूमकेतू. तिसरी निरफणसाची फांदी, पानाच्या शिरा न् शिरा उमटलेली. चौथा फावड्यावर टेकून उभा असलेला मनुष्याचा सांगाडा. आणि पाचवे चित्र गर्भाशयाचे. त्यात बाईचे मस्तक नव्हते, पाय नव्हते. मधला भाग तेवढा, पाकळ्या बाजूला साराव्यात तसा उलगडलेला, आणि त्यात डोके खाली करून, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेले पूर्ण वाढीचे मूल.

“काढूचा काय त्यात?” आबांनी सांगाड्याकडे हनुवटी उडवली. “ह्यो तर आमचोच माणूस. गिरणीच्या संपाच्या दुसऱ्या वर्साक आमच्या खात्यातले सगळे असेच दिसत होते. फक्त फावड्यार टेकूक फावडा नाय होता.”

“आबा, बायका येतील तेव्हा हा डायलॉग नको मारू हां,” लवू हसत म्हणाला. “फुकट वाट लागेल प्रोग्रामची.”

“सांगाडो ऱ्हवांदे,” शेवंतीबाई म्हणाल्या. “चंद्र ऱ्हवांदे. तो शेपटीवालो तारोसुद्धा ऱ्हवांदे, मी काय बोलत नाय. पण पोटुशी बाई समोर बसतली आणि तिच्या डोळ्यांसमोर ह्यां? फाडलेला पोट?”

“ते फाडलेलं पोट नाही, आई. ते ज्ञान आहे. ज्या माणसाने हे काढलं, त्याने जे पाहिलं ते काढलं. जे पाहिलं नाही ते काढलं नाही. केस बघ. एकेक केस सुटा आहे. देवाच्या चित्रांत तरी इतकी श्रद्धा असते का?”

“त्या बाईचा काय झाला पुढे?”

“ती वारली होती. म्हणून तर चित्र काढता आलं.”

“आणि पोर?”

“तेही.”

“बघ!” शेवंतीबाई म्हणाल्या, आणि जणू खटला तिथेच संपला अशा थाटात त्यांनी चपला काढल्या.

रत्नप्रभेने तबक टेबलावर ठेवले. तिचे हात स्थिर होते. गेल्या दोन वर्षांत तिने हात स्थिर ठेवायला शिकून घेतले होते.

दोन वर्षांपूर्वी तिचे मूल पूर्ण दिवस भरून, मृत जन्मले होते. शस्त्रक्रियेची भूल उतरली तेव्हा सगळे आटोपले होते. पलंगाशेजारी पाळणा नव्हता, कोणाच्या मांडीवर काही नव्हते. होता तो फक्त चंद्रप्रकाश, खिडकीबाहेर पाहत उभा. मुलगी होती, एवढे त्याने सांगितले. पाहायला मिळेल का, असे तिने विचारले तेव्हा तो म्हणाला, “नेली.” कोणी नेली, कुठे पुरली, कशी दिसत होती, याबद्दल घरातल्या कोणीही तिच्याशी पुन्हा शब्द काढला नाही. दाखवले की माया लागते, असे परबांच्या घरात मानत. न पाहिलेल्यावरही माया लागते, हे मात्र कोणी लक्षात घेतले नव्हते.

त्यानंतर काही महिन्यांनी तो ही चित्रे घेऊन आला. पाचवे चित्र भिंतीवर चढले तेव्हा तिने म्हटले होते, “हे नको. निदान बैठकीत तरी नको.” वाद घालण्याआधी चंद्रप्रकाश नेहमी बसत असे. तो खुर्ची ओढून बसला, आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, “भीती अज्ञानातून येते, रत्ना. तू रोज हे पाहिलंस तर तुझ्या लक्षात येईल की, यात तुझा दोष नाही, कोणाचाच नाही. शरीर आहे ते. आणि आज तुझ्यासाठी हे उतरवलं, तर उद्या आईसाठी धूमकेतू उतरवावा लागेल. तत्त्व एकदा वाकलं की वाकलं.” तिने पुन्हा एकदा सांगून पाहिले, रडून पाहिले. तो रागावला नाही. त्याने तेच सगळे अधिक सोप्या शब्दांत पुन्हा समजावून सांगितले. त्यानंतर तिने तो विषय सोडून दिला.

पहिल्यापहिल्याने ती तोंड फिरवून त्या काचेवर फडके मारी. मग एका दुपारी, तिच्या पोस्टातल्या नोकरीला रजा होती आणि घरात कोणी नव्हते तेव्हा, तिने डोळे भरून पाहिले. मुलाचा कान दुमडलेला होता. केस ओले होते आणि कपाळावर एका बाजूला चिकटले होते. हाताची बोटे गालाखाली होती. तिच्या मुलीला चेहरा नव्हता. तो तिने इथून उसना घेतला. तेव्हापासून चित्र पुसताना ती काचेवर हात किंचित जास्त वेळ ठेवत असे. हे चंद्रप्रकाशला ठाऊक नव्हते. त्याला वाटत होते, तिला सवय झाली. आपले म्हणणे तिला पटले.

मालन आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिने हिरवी साडी नेसली होती आणि हिरवेच पोलके घातले होते. ते पोलके रत्नप्रभेने शिवून दिले होते. गेल्या पावसाळ्यापासून मालन दर रविवारी मुलुंडला येत असे, रत्नप्रभेच्या मशीनशेजारी जमिनीवर बसून चिंचा खात असे आणि सासूची नक्कल करून तिला हसवत असे. या घरात रत्नप्रभेला हसवणारे तेवढे एकच माणूस होते.

“वहिनी, पोलकं बघा. दंडात जरा घट्ट झालं.”

“तू फुगलीस, पोलकं नाही आक्रसलं,” रत्नप्रभा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मग मालनची नजर भिंतीवर गेली. शेवंतीबाईंनी तिची खुर्ची त्या भिंतीसमोरच मांडून घेतली होती, कारण त्याच भिंतीच्या कडेला खिडकी होती आणि फोटोसाठी उजेड तिकडूनच येणार होता.

“भावोजी,” मालन हळूच म्हणाली, “खरं सांगू? मी इथे बसले ना, तर ते अगदी माझ्या तोंडासमोर येणार. मला भीती वाटते.”

चंद्रप्रकाशने तिच्याकडे पाहिले. रत्नप्रभेनेही पाहिले; पण मालनकडे नव्हे, नवऱ्याकडे. आता तो खुर्ची ओढील, बसेल आणि सुरुवात करील, अशी तिची खात्री होती. भीती अज्ञानातून येते. तत्त्व एकदा वाकले की वाकले. ती सगळी वाक्ये तिला पाठ होती. मधे एखादे राहिलेच असते, तर तिने ते सुचवले असते.

तो बसला नाही. त्याने स्टूल ओढले.

“भीती वाटते ना? मग काढू या. त्यात काय एवढं?”

“थँक्यू दादा,” लवू म्हणाला. “टेन्शनच खलास.”

चंद्रप्रकाशने चौकट दोन्ही हातांनी उचलून खिळ्यावरून उतरवली. ती बाजूला ठेवतो न ठेवतो तोच शेवंतीबाईंनी वर्तमानपत्र सोडले. आत लोणी खाणारा बाळकृष्ण होता, सोनेरी पट्टीच्या चौकटीत बसवलेला. दहिसरहून निघतानाच त्या जिंकून निघाल्या होत्या.

“ह्यो लाव. पोटुशीन उठता-बसता ह्येचा तोंड बघूचा.”

एवढे तरी तो नाकारील, असे रत्नप्रभेला वाटले. त्याने चौकट हातात घेतली, मागची तार तपासली, ती ढिली आहे असे म्हणून आवळली, बाळकृष्ण खिळ्यावर अडकवला आणि मग कपाटातून पाणसळ काढून आणली. चंद्र, धूमकेतू, निरफणस आणि सांगाडा ज्या काळजीने एका ओळीत लावले होते, त्याच काळजीने तो पाणसळीतला बुडबुडा मध्यावर येण्याची वाट पाहू लागला.

“मडक्यातला लोणी सांडाचा नाय रे,” आबा म्हणाले. “इतक्या मापान कित्याक?”

“लावायचं तर नीट लावायचं, आबा.”

उतरवलेले चित्र ठेवायला जागा नव्हती. आतल्या खोलीत मालनची वाडी मांडायची होती, गॅलरीत स्टोव्हवर पाणी तापत होते. चंद्रप्रकाश चौकट घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि ती गॅसच्या सिलिंडरमागे, भिंतीकडे तोंड करून टेकवून आला.

बायका जमल्या. वरच्या मजल्यावरच्या राधाबाई आल्या, त्यांच्यामागून शेजारच्या दोघी. मालनच्या डोक्यावर फुलांचा मुकुट चढला, हातात फुलांचे गजरे आले, लवूने तिचे चार-दोन फोटो काढले आणि त्याचे तोंड लाजेने लाल झाले. ओटी भरायला पाच सवाष्णी हव्या होत्या, त्याही लेकुरवाळ्या. शेवंतीबाईंसह चौघी झाल्या. पाचव्या समोरच्या बिऱ्हाडातल्या रतनबेन यायच्या, त्या मुलीकडे घाटकोपरला निघून गेल्या होत्या.

“पाचव्या आमच्या वहिनी की,” मालन म्हणाली. “हे पोलकं त्यांनी शिवलंय, ओटीतला खण त्यांनी आणलाय. त्याच भरतील. मला त्याच हव्यात.”

राधाबाई आपल्या बांगड्या वर-खाली करू लागल्या. शेवंतीबाईंनी मालनकडे नुसते पाहिले. ती नजर फार वेळ टिकली नाही, टिकायची गरजही नव्हती. मालनचा हात आपोआप पोटावर गेला, आणि त्या हाताने पदर ओढून पोट झाकून घेतले, जणू कोठून तरी वारा येत होता.

रत्नप्रभेने तो हात पाहिला.

“म्हणजे… आई म्हणतात तसं करू या ना, वहिनी,” मालन म्हणाली. “रागावू नका हं. माझ्या मनात काही नाही.”

“ती आत बघता ना,” शेवंतीबाई राधाबाईंना म्हणाल्या. “पुऱ्ये, भात, सगळा तिच्याच हाताखाली आसा.”

“आतलं सगळं झालंय, आई,” रत्नप्रभा म्हणाली.

“मगे निवतला. जा, झाकण ठेव.”

चंद्रप्रकाश भिंतीपाशी उभा होता. पाणसळ अजून त्याच्या हातात होती. ग्रहणात बायकोने विळी हातात घ्यावी म्हणून याच आईशी तो तीन तास भांडला होता. आबांच्या अंगातले देवाचे वारे हा मेंदूचा विकार आहे, असे त्याने भर गणपतीत सांगितले होते. आता तो बाळकृष्णाकडे पाहत होता. रत्नप्रभेने त्याच्याकडे पाहिले, पुरेसा वेळ पाहिले, आणि ती आत गेली. खालच्या मजल्यावरून कोणीतरी पाचवी आणायला लवू जिना उतरला.

आत गेल्यावर तिने झाकणे ठेवली. झाकण ठेवण्यासारखे काही उरले नाही तेव्हा तिने सिलिंडरमागची चौकट बाहेर काढून ओट्यावर उभी केली.

चंद्रप्रकाश पाठोपाठ आला. “हे काय? कोणाची तरी नजर जाईल.”

“जाऊ दे.”

“रत्ना, मला वाटलं होतं, तुला बरं वाटेल. तूच सांगत होतीस ना, काढा म्हणून?”

“मी सांगत होते तेव्हा काढलं नाहीत.”

“तेव्हा तत्त्वाचा प्रश्न होता.”

“आणि आज?”

“आज…” त्याने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. “आज एका बाईच्या मनाचा प्रश्न आहे. तिची अवस्था नाजूक आहे. तू समंजस आहेस.”

“एका बाईच्या मनाचा,” रत्नप्रभा म्हणाली. बाहेर राधाबाई डोहाळ्यांचे गाणे आठवायचा प्रयत्न करत होत्या. पहिली ओळ येत होती, दुसरी येत नव्हती.

“वहिनी, खालच्या काकू येतायत,” लवूने दारातून डोके आत घातले. “साडी बदलतायत. पाच मिनिटं बोलल्या, म्हणजे पंधरा धरा.”

“लवू भावोजी, आत या.”

तिच्या आवाजात काय होते कोणास ठाऊक; लवू आला, आणि त्याने दार लोटून घेतले.

“माझी मुलगी तुम्ही पाहिलीत?”

“रत्ना, ही वेळ नव्हे,” चंद्रप्रकाश म्हणाला.

“मी भावोजींना विचारतेय. पाहिलीत?”

लवू भिंतीकडे पाहू लागला. “वहिनी, आज कशाला ते…”

“हो की नाही, एवढंच.”

“नाही. टॅक्सीत माझ्याच मांडीवर होती. पण गुंडाळलेली होती. मी… उघडलं नाही. मला नाही जमलं, वहिनी. खरंच नाही.”

“आणि तुम्ही?”

चंद्रप्रकाशने हातातली पाणसळ ओट्यावर ठेवली. त्याच्याजवळ प्रत्येक गोष्टीचे उत्तर असे, आणि उत्तर नसले तर निदान प्रश्न चुकीचा असल्याचे प्रतिपादन असे.

“मी पुढे बसलो होतो,” तो म्हणाला. “ड्रायव्हरशेजारी.”

“स्मशानात?”

“लवूच उतरला.”

रत्नप्रभेने चौकटीवर हात ठेवला. “या माणसाने परक्या बाईचं मेलेलं मूल पाहिलं. एकेक केस पाहिला. तुम्हीच सांगता ना, जे पाहिलं तेच काढलं? दोनशे वर्षांपूर्वीच्या कोणाच्या तरी डोळ्यांचं तुम्हाला इतकं कौतुक, की तुम्ही ते माझ्या डोक्यावर टांगून ठेवलंत. आणि स्वतःच्या पोरीवरचं फडकं तुम्हाला उचलवलं नाही.”

“मला धीर झाला नाही.”

“मग भीती कोणाच्या अज्ञानातून आली होती?”

दार ढकलून शेवंतीबाई आत आल्या. ओटीचे ताट न्यायला आल्या होत्या. तांदूळ, सुपारी, खण, नारळ. त्यांनी आधी चित्राकडे पाहिले, मग दोन्ही मुलांच्या खाली गेलेल्या मानांकडे, आणि त्यांना सारे समजले.

“चला, भायर जावा दोघय.”

“आई, ती उगीच…”

“भायर जा सांगितलंय ना?”

दोघे गेले. शेवंतीबाईंनी ताट पुढे ओढले आणि त्या तांदळातले खडे शोधू लागल्या. खडे नव्हते, रत्नप्रभेने ते आदल्या दिवशीच निवडले होते.

“ह्येंका काय विचारतंस?” त्या मान वर न करता म्हणाल्या. “पुरुष ते. माका विचार.”

“तुम्ही पाहिलीत?”

“मी न्हाणयलंय तिका.”

रत्नप्रभा ओट्याला टेकली.

“नर्स म्हणाली, असाच घेवन् जावा. मी म्हटलंय, आमच्या घरातला माणूस पारोसा जावचा नाय. त्यांच्याकडसून कोमट पाणी मागान घेतलंय आणि थयच मोरयेत न्हाणयलंय. केस ही एवढे. काळे. कपाळ चंद्रूचा, तसाच, उभा. नाक तुझा होता.” त्यांची बोटे तांदळात फिरत राहिली. “मुठी मिटलेले. मी उघडूक गेलंय, नाय उघडले. डाव्या कानाच्या मागे तीळ होतो. बारीक. न्हाणवल्याशिवाय दिसाचो नाय इतको बारीक. मगे माझ्या लुगड्याचो पदर फाडलंय, त्यात गुंडाळलंय, आणि कुंकू लावलंय. लावू नये म्हणतत. मी लावलंय.”

बाहेर राधाबाईंना गाण्याची दुसरी ओळ सापडली होती आणि सगळ्या जणी हसत होत्या.

“मला का नाही सांगितलंत?” रत्नप्रभेने विचारले. “दोन वर्षं, आई.”

“सांगान काय होताला? जल्मभर डोळ्यांसमोर धरून बसली असतंस.”

“मग आता काय करतेय?”

शेवंतीबाईंनी नारळाची शेंडी सरळ केली, ती पुन्हा वाकडी झाली, पुन्हा सरळ केली. त्यांचा चेहरा रत्नप्रभेने एवढ्या जवळून पूर्वी कधी पाहिला नव्हता. तिला वाटले, आता या आपल्या खांद्यावर हात ठेवतील, आणि तिने तो वाटण्याचा क्षण धरून ठेवून विचारले, “आई, पाचवी मी येते. मला भरू द्या तिची ओटी. माझ्या मनात तिच्याबद्दल काही वाईट नाही. तुम्हाला ठाऊक आहे.”

“ठाऊक आसा.”

“मग?”

“नाय.”

“आई—”

“नाय म्हटलंय ना!” शेवंतीबाईंचा आवाज फाटला, आणि त्यांनी तो लगेच आवरला. “तुझा मन चांगला आसा, माका दिसता. पण मी एकदा न्हाणयलंय. परत न्हाणवूचा माझ्यान जमाचा नाय. ह्यां वेडेपणा आसा, चंद्रू सांगता तसा, आसूं दे. तू आत ऱ्हव.”

त्यांनी ताट उचलले. दाराशी गेल्यावर हात मोकळा नव्हता म्हणून पायाने दार ओढून घेतले, आणि बाहेर गेल्याबरोबर त्यांचा आवाज पुन्हा समारंभाचा झाला: “इले काय गो खालचे काकी? या, या, तुमचीच वाट बघत होतो.”

रत्नप्रभा उभी राहिली. ओट्यावरच्या चौकटीतले मूल बोटे गालाखाली घेऊन झोपलेले होते. तिने ते बारकाईने पाहिले. कपाळ उभे नव्हते, नाक चपटे होते. ते कोणा परक्या बाईचे मूल होते. तिने चौकट जिथून काढली होती तिथे, भिंतीकडे तोंड करून, ठेवून दिली, पुऱ्यांचा डबा उघडला आणि पाने वाढायला घेतली.

ओटी भरून झाली. एका वाटीखाली बर्फी आणि दुसरीखाली पेढा झाकून मालनला निवडायला सांगितले. काय निघाले ते आत ऐकू आले नाही, फक्त टाळ्या ऐकू आल्या. पहिली पंगत बसायची वेळ झाली तेव्हा चंद्रप्रकाश स्वयंपाकघराच्या दारात आला. तो आत आला नाही. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. वाद घालायला आलेला माणूस तो नव्हता, हे त्याच्या खांद्यांवरूनच दिसत होते.

“उद्या मी बाळकृष्ण काढून टाकतो,” तो म्हणाला. “परत होतं तसं लावतो.”

“तुमची भिंत आहे. तुम्ही ठरवा.”

तिने मीठ वाढले, लिंबाची फोड वाढली, चटणी वाढली.

“रत्ना.” त्याचा आवाज तिने पूर्वी ऐकला नव्हता इतका लहान झाला होता. “आई काय म्हणाली? तिने… तिने पाहिली होती?”

तिने हातातले पान खाली ठेवले आणि त्याच्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर भूक होती. ज्याने स्वतः पाहायचे टाळले आणि आता ज्याला पाहिलेल्याकडून ऐकायचे आहे, अशा माणसाची. उभे कपाळ, तिच्या समोर, त्याचेच होते.

“पाट कमी पडतायत,” ती म्हणाली. “राधाबाईंकडून आणा.”

“तू सांगणार नाहीस?”

“पानं गार होतील.”

तो जिना चढून पाट आणायला गेला. रत्नप्रभेने एकेक पान उचलून बाहेर नेले आणि प्रत्येकीसमोर ठेवले. मालनसमोर ठेवताना मालनने तिचा हात धरायचा प्रयत्न केला, तो तिने तुपाची वाटी सरळ करण्याच्या निमित्ताने सोडवून घेतला. शेवटचे पान शेवंतीबाईंचे होते. त्या दोघींची दृष्टादृष्ट झाली. शेवंतीबाईंनी मान खाली घातली आणि भात कालवायला घेतला.

चंद्रप्रकाश पाट घेऊन आला आणि कोणाला कुठे बसायचे आहे ते विचारीत राहिला. डाव्या कानामागे तीळ होता, हे त्या घरात आता दोघींना ठाऊक होते, आणि त्या दोघींपैकी कोणीही त्याला ते सांगणार नव्हते.